खूण केलेला नग

बाकीची माणसं खुर्चीवर बसतात. आबा आधी खुर्ची तपासून पाहायचे. पाठ धरून ती पुढे-मागे हलवायची, एका हातानं दाबायची, तिरकी करून पुन्हा दाबायची आणि मग "चालंल" म्हणून टेकायचं. जळगावच्या ज्या क्लासच्या खोलीत आमच्या ग्रुपची बैठक भरायची, तिथल्या प्लास्टिकच्या खुर्च्या प्रत्येक वेळी ही परीक्षा देत. एकदा मी म्हणालो, आबा, ही मागच्याच वेळची खुर्ची आहे. ते म्हणाले, खुर्ची मागची असेल, पाय आजचे आहेत. बाहेर एप्रिल महिन्यातली दुपारची अडीचची वेळ होती आणि खोलीतला पंखा गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ढकलत होता. मी वाद घातला नाही. आबांशी वाद घालायला ताजातवाना माणूस लागायचा, आणि मी कधीच तसा नसायचो.

ग्रुप कसला, ते सांगायला हवं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा. विषय एकच: सॉफ्टवेअरची आपोआप होणारी तपासणी, म्हणजे ऑटोमेटेड टेस्टिंग. एक प्रोग्राम लिहायचा, आणि तो नीट चालतो की नाही हे तपासणारा दुसरा छोटा प्रोग्रामही लिहायचा. त्याला टेस्ट म्हणायचं. टेस्ट चालवल्या की पडद्यावर ओळी उमटतात. हिरवी ओळ म्हणजे बरोबर, लाल ओळ म्हणजे चुकलं. एवढ्यासाठी आम्ही महिन्यातला दुसरा रविवार घालवायचो, एकदा जळगावला, एकदा धुळ्याला. मी पुण्यातली नोकरी न सोडता लॅपटॉप उचलून वडिलांच्या आजारपणात जळगावला परत आलो होतो. आठवडाभर घरातूनच कंपनीची बोलणी खायचो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसा हा ग्रुप मीच सुरू करून गळ्यात घालून घेतला होता.

सुरुवातीला अठरा-वीस जण यायचे. पोरांना वाटायचं इथे नोकरी लागेल. नोकरी लागत नाही, उलट सुट्टीच्या दिवशी काम केल्यासारखं वाटतं, हे कळलं तशी ती गळत गेली. सहा-सात उरले. त्यातले नेमानं येणारे तिघंच: मी, देवपूरच्या मॅडम आणि आबा. मॅडम धुळ्याला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या आणि धुळ्याची बैठक देवपुरात त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत व्हायची. सख्ख्या भावालाही त्या अर्धा मार्क वाढवून देणार नाहीत, असं त्यांचे विद्यार्थी म्हणत. मॅडमना ते कळलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं.

आबांचा आणि कॉम्प्युटरचा खरं तर काही संबंध नव्हता. मूळ गाव पारोळ्याजवळचं. सगळी नोकरी भुसावळकडच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, बायको गेलेली, मुलगी सुरतेला. आम्ही एका वाचनालयाच्या फळ्यावर कागद लावला होता: सॉफ्टवेअरची आपोआप तपासणी, सर्वांसाठी खुली चर्चा. 'सर्वांसाठी' हे आपलं लिहायचं म्हणून लिहिलेलं. आबा तो कागद वाचून आले, पहिल्या रांगेत बसले आणि दीड तास ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं. आपोआप म्हणता, मग तपासणाऱ्याला कोण तपासतं? पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. वर्षभरात एका बोटानं टाइप करत प्रोग्रामिंगही शिकले. आमच्यातले निम्मे जण पाठ केल्यासारखं शिकले होते, आबा चावून चावून शिकले.

त्यांच्या खिशात कायम एक पोलादी गेज असे, बोटभर लांबीचं, दोन टोकांचं. कारखान्यात भोकाचं माप तपासायला असली गेजं लागतात. एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. आबांनी स्वतःच्या पैशानं विकत घेतलेलं हे गेज ते आता पेनाच्या टोपणात, नळाच्या तोटीत, कुठेही घालून पाहत बसायचे. बैठकीत नवीन पोरगा आला की त्याच्या हातात ते द्यायचे आणि सांगायचे की जातं ते सगळेच पाहतात, जाऊ नये तिथे जात नाही हे कोणी पाहत नाही. पोरगा हो हो म्हणायचा आणि पुढच्या महिन्यात यायचा नाही.

ग्रुपमध्ये त्यांनी एक नियम घालून दिला. कोणी काहीही दाखवायला उभं राहिलं की आबा मागून म्हणायचे, "पहिले लाल दखाड." दखाड म्हणजे दाखव. तसे ते शहरी मराठी बोलायचे, पण विषयात रंगले की गावची अहिराणी बाहेर यायची. त्यांचं म्हणणं असं की जी टेस्ट कधी लाल झालेली आपण पाहिली नाही, तिच्या हिरव्याला अर्थ नाही. जो कुत्रा कधी भुंकलेला ऐकला नाही, त्याच्या भरवशावर घर सोडून गावाला जाऊ नये. आधी प्रोग्राम मोडायचा, टेस्ट ओरडते का पाहायचं, मग दुरुस्त करायचा. हे पुस्तकांतही लिहिलेलं आहे. आम्ही ते वाचलेलंही होतं. पण आबांनी ते कुठेच वाचलेलं नव्हतं, त्यामुळे ते पाळायचेही.

कारखान्यातली त्यांची एक गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की कोणीही मधूनच पुढे सांगू शकलं असतं. त्यांच्या हाताखाली माल तपासणारी माणसं होती. दिवसभर चांगलाच माल पाहून पाहून माणसाचे डोळे मरतात, असं आबा म्हणत. मग ते काय करायचे, तर एक मुद्दाम बिघडवलेला नग चांगल्या मालात मिसळून द्यायचे. त्याच्या खालच्या अंगाला शाईचा एक बारीक ठिपका, आणि कुठल्या दिवशी कुठल्या पेटीत टाकला याची नोंद आधीच स्वतःच्या वहीत. संध्याकाळी तो नग बाजूला काढलेला दिसला तर तपासणारा जागा आहे. नाही दिसला, तर त्या माणसानं दिवसभर पास केलेला सगळा माल परत. माणसं चिडायची का, असं मॅडमनी एकदा विचारलं. आबा म्हणाले, चिडायची, पण जागी राहायची.

या खोड्या ते आमच्यावरही करत. बोलता बोलता धडधडीत चुकीचं सांगायचे आणि कोणी टोकतं का ते बघायचे. टोकलं की खूश. नाही टोकलं तर चहा पिताना सगळ्यांना ऐकवायचे. टपरीवरच्या चहावाल्याला बिनसाखरेचा चहा सांगून, चहा आल्यावर साखर किती टाकली म्हणून विचारायचे. तो बिचारा गोंधळून "दोन चमचे" म्हणायचा आणि मग चहा परत जायचा.

मी पहिल्यांदा त्यांच्या तावडीत सापडलो तो केळ्यांमुळे. केळी पिकवायच्या बंद खोल्या असतात, तिथलं तापमान वाढलं की मालकाच्या फोनवर सूचना जावी असा एक प्रोग्राम मी एका ओळखीच्या माणसासाठी लिहिला होता. बैठकीत तो दाखवायचा होता. शनिवारी एक टेस्ट काही केल्या हिरवी होईना. मी कंटाळलो होतो, आठवडाभराची झोप राहिली होती. त्या टेस्टसमोर मी एक खूण टाकली, की ती चालायचीच नाही. हे सगळेच करतात. कोणी कबूल करत नाही एवढंच. रविवारी पडद्यावर हिरव्या ओळींची रांग लागली आणि मी पाणी प्यायला बाहेर गेलो. परत आलो तर आबा माझ्या लॅपटॉपसमोर बसलेले. त्यांनी एका बोटानं 'पेक्षा जास्त'चं चिन्ह उलटं करून 'पेक्षा कमी' केलं होतं आणि टेस्ट पुन्हा चालवल्या होत्या. सगळं हिरवं. म्हणजे खोलीची भट्टी झाली असती तरी सूचना गेली नसती, आणि माझ्या टेस्टना पत्ता नव्हता.

"मी मोडलं," आबा म्हणाले, "आणि हिला कळलं नाही. केळी सडी जातीन आणि तुझं हिरवंच राही."

मॅडमनी तेवढ्यात स्क्रीन वर सरकवून मी बंद केलेली टेस्ट शोधून काढली. आबांनी फक्त मान हलवली आणि उठताना खुर्ची पुन्हा एकदा दाबून पाहिली. मला त्या दिवशी ग्रुप बंद करावासा वाटला होता. मी घरी जाऊन टेस्ट नीट लिहिली, ती अर्थातच लाल झाली, आणि प्रोग्राममधली खरी चूक तिथेच सापडली.

धुळ्याच्या बैठकीला मी आणि आबा जळगावहून एसटीनं सोबत जायचो. अशाच एका प्रवासात त्यांनी पिशवीतून शाळकरी वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. वहीत बारा प्रश्न होते, मागच्या पानांवर त्यांची उत्तरं. मुलीच्या घराचा पत्ता. मागच्या बैठकीत कोण कोण आलं होतं. आज सकाळी भाजी कुठली केली, ते त्यांनी निघण्याआधीच मागे लिहून ठेवलेलं. जळगाव ते धुळे रस्त्यावरची गावं ओळीनं. सोबत दोन पेनं, एक हिरवं, एक लाल. मी दर महिन्याला हे प्रश्न विचारायचे, उत्तर पडताळायचं आणि समोर खूण करायची.

त्यांच्या थोरल्या भावाला, ज्यांना ते नाना म्हणत, शेवटच्या वर्षांत विसरायला झालं होतं. आधी नावं, मग दिवस, मग स्वतःचं दार. घरातली सगळी माणसं प्रेमळ. नाना काहीही बोलले तरी हो म्हणायची. गेलेल्या माणसाला हाक मारली की आलाच म्हणायची. आबा म्हणाले, नानाला शेवटपर्यंत कळलंच नाही की त्याचं काही चुकतंय. एकदा दूध तापत ठेवून नाना शेतात निघून गेले आणि स्वयंपाकघर जळता जळता वाचलं, तेव्हाही घरच्यांनी त्यांना, काही झालं नाही, असंच सांगितलं. आबांना अलीकडे स्वतःचीच शंका येऊ लागली होती. मुलगी सुरतेला बोलवत होती, त्यांना जायचं नव्हतं. म्हणून हा नियम: एका वेळी बारातली तीन उत्तरं चुकली तर तो महिना लाल. लागोपाठ दोन महिने लाल, तर घराला कुलूप लावून सुरतेला जायचं.

मी म्हणालो, आबा, हे डॉक्टरचं काम आहे. ते म्हणाले, डॉक्टरला दाखवलंय, त्याच्या गोळ्या चालू आहेत, पण डॉक्टर काय दर महिन्याला माझ्या शेजारी येऊन बसतो का. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माले जानं नही. म्हणून तर तपासून घेतोय."

पहिले काही महिने मजेत गेले. कधी सगळं हिरवं, कधी एखादं लाल. लाल झालं की आबा खूश व्हायचे, माझ्याकडे पाहून म्हणायचे की टेस्ट चालते आहे. मग एकदा त्यांच्या घरी गेलो तर कुलूप कडीला नुसतं लोंबत होतं. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारा हा माणूस. आत ओट्यावर दुधाचं पातेलं काळं पडलेलं. मी ते घासायला टाकलं आणि काही बोललो नाही. पुढच्या रविवारी बारातली चार उत्तरं चुकली. मुलीच्या सोसायटीचं नाव त्यांनी इतक्या आत्मविश्वासानं चुकीचं सांगितलं की मला क्षणभर मागचं पानच चुकीचं वाटलं.

मी चारही ठिकाणी हिरवी खूण केली.

का केली, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. दया आली, हे खरं आहे. पण दयेचं सगळं श्रेय घेणंही खोटं होईल. त्यांना लाल सांगायचं म्हणजे त्यांचा उतरलेला चेहरा बघायचा, मुलीला फोन करायचा, सामान आवरायला मदत करायची, आणि मग दुसऱ्या रविवारी त्या क्लासच्या खोलीत मी आणि पंखा. मी दमलो होतो. कंपनीत सगळं लाल, घरी वडिलांचे रिपोर्ट लाल. एक तरी गोष्ट हिरवी असावी एवढीच माझी इच्छा होती. पुढच्या महिन्यातही मी तेच केलं. मग सवयच झाली. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते असंच असणार, पहिला घास सगळ्यात अवघड.

पाच महिने असे गेले. त्या दिवशी बस एरंडोलच्या स्टँडवर उभी होती. मी विचारलं, रस्त्यावरची गावं. आबा डोळे मिटून म्हणाले, पाळधी, पारोळा, एरंडोल, मुकटी, फागणे, धुळे. बाहेर एरंडोलची पाटी समोर दिसत होती आणि पारोळा अजून पुढे होतं. पारोळा, जिथून त्यांचं गाव हाकेच्या अंतरावर. ज्या फाट्यावर प्रत्येक वेळी ते मला खिडकीतून स्वतःच्या शेताची दिशा दाखवायचे. तेच पारोळा त्यांच्या डोक्यातून हललं होतं. मी पेन उचललं आणि हिरवी खूण केली. म्हटलं, बरोबर आहे आबा.

धुळ्याला उतरल्यावर स्टँडबाहेर चहा घेताना त्यांनी वही मागितली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. त्या पानावर आदल्या दिवशीच्या तारखेनं लिहिलेलं होतं: उद्या गावांच्या प्रश्नाला पारोळा आधी आणि एरंडोल नंतर सांगणार. खाली शाईचा एक बारीक ठिपका.

खरं सांगतो, आधी मला आनंद झाला. त्यांना पारोळा आठवत होतं. तो आनंद चहाचा एक घोट होईपर्यंत टिकला. मग मला कळलं की मीच पेटी तपासणारा तो झोपलेला माणूस आहे.

"किती महिने?" त्यांनी विचारलं.

मी पाच म्हणालो. ते म्हणाले की त्यांनाही तसंच वाटलं होतं. पाच महिने एकही लाल नाही, माणसाचं असं नसतं. बठ्ठं, म्हणजे सगळंच, हिरवं दिसायला लागलं, तेच त्यांना खटकत होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते ग्लास हातात धरून कडेच्या बाकावर बसले, बाक न दाबता बसले.

"मना भाऊले बठ्ठा हो म्हनेत," ते म्हणाले. "तू बी तेच केलं."

आम्ही रिक्षानं पांझरेचा पूल ओलांडून देवपूरला गेलो. मला लाज वाटत होती, आणि लाजेतही मी थकलेलाच होतो. मॅडमच्या घरी बैठकीला अजून कोणी आलेलं नव्हतं. आबांनी वही आणि पेनं मॅडमपुढे ठेवली, काय करायचं ते दोन वाक्यांत सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. मॅडम समोर खुर्ची ओढून बसल्या आणि वर्गात तोंडी परीक्षा घ्यावी तसे बाराही प्रश्न एका सुरात विचारले. गावं आबांनी या वेळी बरोबर सांगितली. सोसायटीचं नाव चुकलं. मागच्या बैठकीला आलेल्यांत त्यांनी दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेलेल्या पोराचं नाव घेतलं. सकाळची भाजी आठवली नाही. आणखी दोन उत्तरं चुकली.

पहिली चूक नोंदवायला मॅडमनी लाल पेन उचललं तर ते उमटेना. त्यांनी झटकलं, कागदाच्या कडेला घासून पाहिलं. पाच महिने न वापरल्यामुळे ते वाळून गेलं होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मॅडमनी आपल्या पर्समधलं पेपर तपासायचं लाल पेन काढलं.

"आबा, पाच चुकले," त्या म्हणाल्या. "मर्यादा तीनची होती. हा महिना लाल."

आबा बरं म्हणाले. मॅडम पाणी आणते म्हणून आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या. मी दारातून पाहिलं तेव्हा त्या ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि नळ नुसताच चालू होता. त्या दिवशीची बैठक झाली. एका पोरानं काही तरी दाखवलं. आबा मागून "पहिले लाल दखाड" म्हणालेही, पण आवाज मोठा नव्हता.

पुढच्या महिन्यात जळगावलाही प्रश्न मॅडमनीच विचारले. सहा चुकले. आबांनी स्वतःच फोन काढून मुलीला लावला आणि दोन महिने लाल झाल्याचं सांगितलं. तिला त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे, ती तिसऱ्या दिवशी येऊन पोहोचली.

सुरतेच्या गाडीला सोडायला मी स्टेशनवर गेलो. जाऊ की नको असं दहादा झालं होतं. मुलगी सामान लावत होती. आबांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं आणि वही माझ्या हातात दिली, नवीन लाल पेनासकट. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी फोन करून प्रश्न विचारायचे, असं ठरवून टाकलं. मी म्हणालो, आबा, मॅडमना द्या. त्यांचं खरं असतं.

"दोष सापडला म्हणून टेस्ट फेकत नाहीत भो," ते म्हणाले. "दुरुस्त करतात."

गाडी गेल्यावर मी फलाटावरच बाकावर बसून वही उघडली. आता तिथे सुरतेचे प्रश्न होते. नातवाची शाळा, औषधांच्या वेळा, घर कितव्या मजल्यावर. सगळ्यांच्या वर, एकच्याही आधी, त्यांनी शून्य नंबरचा प्रश्न घातला होता. प्रोग्रामर लोक शून्यापासून मोजतात हे त्यांना फार पटलं होतं. प्रश्न असा: फोनवर कोण बोलतंय? मागच्या पानावर उत्तर म्हणून माझं पूर्ण नाव होतं. नावापुढे, कारखान्यात शेरा मारत असतील तशा अक्षरात लिहिलं होतं: दोष आढळला, दुरुस्त केला, पुन्हा तपासावा.

तेव्हापासून मी फोन करतो. सुरुवातीला शून्याचं उत्तर विचारायच्या आतच यायचं. ते ग्रुपची चौकशी करायचे, किती आले विचारायचे. मी चार म्हटलं की शंकेनं पुन्हा विचारायचे आणि मग मी तीन म्हणायचो. बाकीच्या प्रश्नांत लाल खुणा वाढत गेल्या. मी प्रत्येक वेळी त्या मोठ्यानं सांगायचो आणि प्रत्येक वेळी मला ते अंगावर यायचं. सवय होईल असं वाटलं होतं, झाली नाही. ग्रुप अजून आहे. मॅडम आहेत, मी आहे, अधूनमधून कोणी येतं. पंखा तोच आहे. खुर्च्या आता कोणी तपासत नाही, त्यामुळे मागच्या महिन्यात एकीचा पाय निघाला.

त्याच रविवारी फोन लावला. मुलीनं उचलला, आबांच्या कानाला लावला. मागे कुकरची शिट्टी होत होती. मी विचारलं, आबा, फोनवर कोण बोलतंय?

त्यांचा आवाज एकदम उजळला. मी त्यांना इतकं आनंदी कधी ऐकलं नव्हतं, ग्रुपमध्येही नाही.

"नाना," ते म्हणाले, "उना का तू? आलास का?"

'हो' माझ्या जिभेवर आलं होतं. म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? एका म्हाताऱ्या माणसाला त्याचा भाऊ दोन मिनिटं परत मिळाला असता. तिकडे मुलगीही बहुतेक त्या 'हो'चीच वाट पाहत होती. माझा हात वहीवर होता, बोटाखाली तो शेरा होता.

"चुकलं, आबा," मी म्हणालो. "मी नाना नाही." आणि माझं नाव सांगितलं.

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मला वाटलं, ते आता फोन ठेवणार.

"लाल?" त्यांनी विचारलं.

"लाल."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खुर्ची दाबून पाहिल्यावर सोडायचे, तसाच.

"हां. आते बरोबर शे," ते म्हणाले. "लिखी ले. पुढला विचार."

मी लिहून घेतलं. पेन नीट उमटत होतं. मग मी त्यांना नातवाची शाळा विचारली.